कुंडलचें ठाणें व प्रति सरकारचें न्यायदान

एखाद्या गांवच्या पाटीलकीचा तंटा सांगणारा दोनअडीचशें वर्षांपूर्वींचा महजर हातीं आला म्हणजे संशोधकास व संग्राहकास किती हर्ष होतो, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. कागदाचा पोत, मोडीचें वळण, शेवटच्या निशाण्या, कुणब्याचा नांगर, बलुतेदारांचीं हत्यारें, या सर्वांचा आम्ही बारकाईनें विचार करितों. हाजिर मजालसींत कोण होते व कोण नव्हते, यावरून त्या काळच्या समाजरचनेचा अंदाज बांधितों. परंतु त्याच कृष्णाकांठीं इ. स. १९४३ ते १९४६ या अवधींत, इंग्रजी अंमल चालू असतां, गांवोगांव पंच बसून निवाडे करीत होते, आणि त्या निवाड्यांच्या कागदांकडे मात्र आमच्या वर्गाची दृष्टि फारशी वळलेली नाहीं. जुना कागद तो इतिहास व नवा कागद ती रद्दी, असा एक समज आमच्यांत रूढ आहे. तो समज घातक आहे हें दाखवावें, आणि त्या निमित्तानें एका लहान गांवांत जहाल राजकारणाचें जें ठाणें उभें राहिलें त्याचा परामर्श घ्यावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. ठाणें हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजिला आहे. मराठी दप्तरांत ठाणें म्हणजे केवळ मुक्कामाची जागा नव्हे. जेथून मुलखावर अंमल बसतो ती जागा. कुंडल हें त्या अर्थानें ठाणें होतें.

स्थल व अंमल

कुंडल हें हल्लीं सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यांत आहे. जैन तीर्थक्षेत्र म्हणून व कुस्तीच्या मैदानासाठीं त्याची प्रसिद्धि आहे. परंतु ज्या काळाचा आम्ही विचार करीत आहों त्या काळीं सांगली नांवाचा जिल्हाच नव्हता. वाळवा, तासगांव, खानापूर व शिराळा हा सर्व मुलूख इंग्रजी सातारा जिल्ह्यांत मोडत असे, आणि सांगली ही पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होती. संस्थानें विलीन झाल्यावर १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला, व १९६० सालीं त्यासच सांगली हें नांव मिळालें. हा भेद ध्यानांत न ठेवतां जुने कागद वाचूं लागल्यास वाचक फसतो. ‘साताऱ्याचें प्रति सरकार’ असें जें म्हटलें जातें, त्याचीं अनेक प्रमुख गांवें आजच्या सांगली जिल्ह्यांत आहेत, तीं याच कारणानें.

कुंडल स्वतः इंग्रजी मुलखांतही नव्हतें. तें औंधच्या पंतप्रतिनिधींच्या संस्थानांत होतें. औंध संस्थान सलग नव्हतें. बहात्तर गांवांचें हें राज्य विखुरलेलें होतें, आणि त्याच्या तुकड्यांभोंवतीं इंग्रजी सातारा, सांगली, मिरज, जत, फलटण, व वारणेपलीकडे कोल्हापूर, असा सरहद्दींचा गुंता होता. फरारी माणसास याहून सोयीचा मुलूख मिळणें कठीण. एका हद्दींतील फौजदाराचा हुकूम चार कोसांवर पांगळा पडे. पेशवाईंत जहागिरी व सरंजाम यांच्या सीमांवर बंडखोरांस असाच आश्रय मिळे, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे.

परंतु औंधचें महत्त्व केवळ सरहद्दीपुरतें मानणें योग्य होणार नाहीं. श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधि हे महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे आश्रयदाते, चित्रकार व सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते म्हणून विद्वानांस परिचित आहेत. त्यांनीं १९३८ च्या अखेरीस आपली सत्ता प्रजेच्या हातीं देण्याचा मनोदय जाहीर केला, व १९३९ च्या जानेवारींत औंधची स्वराज्य घटना अमलांत आली. महात्मा गांधींचा सल्ला, युवराज अप्पासाहेब पंत यांची खटपट, व भारतानंद या नांवानें ओळखले जाणारे पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचें साहाय्य या घटनेस लाभलें होतें. तिचा पाया ग्रामपंचायत हा होता. म्हणजे १९४३ सालीं कुंडलच्या परिसरांत जेव्हां लोकांनीं पंच निवडून गांवचे तंटे सोडविण्यास आरंभ केला, तेव्हां ती कल्पना त्यांस सर्वस्वी अपरिचित नव्हती. एकाच मातींत एक रोप राजानें लाविलें, दुसरें राजद्रोह्यांनीं. या दोहोंचा संबंध इतिहासकारांनीं जितका जोडावयास हवा तितका जोडलेला नाहीं, असें आमचें मत आहे.

पूर्वपीठिका

दुसरें मूळ याहून जुनें आहे. महात्मा जोतीराव फुले यांचें मूळ गांव सातारा जिल्ह्यांतील कटगुण. त्यांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यास सत्यशोधक समाज स्थापिला, व पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं त्याचा प्रसार सातारकडील खेड्यांत जोरानें झाला. पुरोहितावांचून लग्नें, सावकारीविरुद्ध प्रचार, व गांवोगांव फिरणारे जलसे यांनीं कुणब्यास प्रथमच असें वाटूं लागलें कीं, आपली स्थिति दैवानें ठरलेली नाहीं. भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं कऱ्हाडजवळील काले येथें रयत शिक्षण संस्था काढली ती याच वातावरणांत. नाना पाटील यांचीही घडण याच मुशींतली. त्यांचा जन्म १९०० सालचा. गांव वाळवा तालुक्यांतील येडे मच्छिंद्र. तलाठ्याची नोकरी सोडून ते १९३० च्या कायदेभंगांत पडले. ज्यानें गांवचें दप्तर स्वतः लिहिलें आहे, त्यास सरकार म्हणजे काय व तें कोठें दुबळें असतें, हें निराळें शिकवावें लागत नाहीं.

ऑगस्ट १९४२ मध्यें पुढारी पकडले गेल्यानंतर प्रथम मोर्चांचें सत्र झालें. २४ ऑगस्ट रोजीं कऱ्हाडच्या, व ३ सप्टेंबर रोजीं तासगांवच्या कचेरीवर हजारों लोक चालून गेले. तासगांवीं खुद्द मामलेदारास खादीची टोपी घालावी लागली. ९ सप्टेंबरला वडूज येथें गोळीबार होऊन परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण पडले. दुसऱ्या दिवशीं इस्लामपूर येथें विष्णु बारपटे व किर्लोस्करवाडीच्या कारखान्यांतील अभियंते उमाशंकर पंड्या हे बळी पडले. ओळीनें दोन दिवस झालेल्या या गोळीबारांनीं एक गोष्ट स्पष्ट केली. कचेरीवर निशाण लाविल्यानें कचेरी आपली होत नाहीं. मोर्चाचा काळ संपला, व भूमिगत कार्याचा आरंभ झाला.

ठाण्याची उभारणी

कुंडल येथें या कार्याचे सूत्रधार गणपति दादा लाड हे होते. १९२२ सालीं जन्मलेला हा तरुण पुढें जी. डी. बापू या नांवानें सर्वत्र ओळखला जाऊं लागला. १९४३ सालीं उभारलेल्या तुफान सेनेचे ते फील्ड मार्शल झाले. आप्पासाहेब लाड, व कॅप्टन भाऊ म्हणून प्रसिद्ध असलेले रामचंद्र श्रीपति लाड, हे त्यांच्या बरोबरीचे होते. शाहीर शंकरराव निकम यांच्यासारख्यांनीं पोवाड्याच्या द्वारें तें काम केलें जें छापलेल्या पत्रकांस साधलें नसतें. वाळव्याचा गट नागनाथ नायकवडी यांच्याभोंवतीं होता, व उत्तरेकडे किसन वीर आदि मंडळी कार्य करीत होती. नाना पाटील हे या सर्वांचे सर्वमान्य वडीलधारे होते. त्यांची जमीन व घर सरकारनें जप्त केलें, तरी ते अखेरपर्यंत सांपडले नाहींत. त्यांच्या कन्या हौसाबाई यांच्यासारख्या स्त्रियांनींही निरोप व शस्त्रें पोंचविण्याचें जोखमीचें काम केलें.

सेनेस शस्त्र लागतें, व शस्त्रास पैसा. मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेचा पुणें-मिरज रस्ता कुंडलजवळून जात असे. किर्लोस्करवाडीचें स्टेशन पूर्वीं कुंडल रोड याच नांवाचें होतें. ७ जून १९४३ रोजीं शेणोली येथें तुफान सेनेनें पगाराची गाडी अडवून सरकारी रक्कम काढून घेतली. १४ एप्रिल १९४४ रोजीं तर हीच मंडळी सातारा सोडून पार खानदेशांत गेलीं, व धुळ्याजवळ चिमठाणें येथें सरकारी खजिन्याची सुमारें साडेपांच लाखांची रक्कम त्यांनीं हस्तगत केली.

सांगलीचा गट निराळा, पण संलग्न होता. पद्माळ्याचे वसंतराव पाटील हे पकडले जाऊन गणेशदुर्गांतील तुरुंगांत होते. २४ जुलै १९४३ रोजीं त्यांनीं व सोबत्यांनीं पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून तट ओलांडला. पाठलागांत अण्णासाहेब पत्रावळे व बाबूराव जाधव हे मारले गेले, व स्वतः वसंतराव गोळी लागून पुन्हां पकडले गेले. पटवर्धनांच्या त्या किल्ल्याचे कागद आम्ही अनेक वेळां चाळले आहेत. पण त्याच्या इतिहासाचें हेंही एक पान आहे, हें आम्हीं विसरतां कामा नये.

न्यायदान

लूट व उड्डाण यांच्या कथा सर्वांस पाठ असतात. आमच्या मतें प्रति सरकारचें खरें महत्त्व न्यायदानांत आहे. कारण खजिना कोणीही दरोडेखोर लुटूं शकतो, परंतु दोन भाऊबंदांनीं आपण होऊन आपला बांधाचा तंटा ज्याच्यापुढें नेला, तेंच लोकांच्या लेखीं सरकार होय. सुमारें दीडशें गांवांत हा अंमल चालत होता असें सांगितलें जातें. जमिनीचे वाद, सावकारानें गिळलेलीं शेतें, टाकलेल्या बायकांचे हक्क, दारूचे गुत्ते, धान्याच्या वाटपांतील लबाडी, असे विषय पंचांपुढें येत. खर्चिक लग्नांच्या जागीं हार घालून होणारीं ‘गांधी लग्नें’ लाविलीं जात. १९४५ सालीं जी. डी. बापूंचा विवाहही कुंडलास याच पद्धतीनें झाला.

येथें आमच्या वाचकांच्या मनांत सहज प्रश्न येईल कीं, ही जुनी गोतसभाच नव्हे काय? बाह्य रूपांत साम्य पुष्कळ आहे. दोन्हींकडे सभा गांवांतच भरते, साक्षी शेजारचे असतात, वादीप्रतिवादींस पंचांचीं तोंडें परिचित असतात, आणि निवाड्यामागें गांवाची लाज हीच मोठी शक्ति असते. वकील नाहीं, मुद्रांक नाहीं, तालुक्याच्या खेपा नाहींत. इंग्रजी कोर्टांनीं शंभर वर्षें जें महाग करून ठेविलें होतें, तें येथें पुन्हां स्वस्त झालें.

परंतु अंतरंग निराळें आहे. गोतसभेंत बसण्याचा अधिकार वतनानें येई. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी हे आपल्या मिरासीच्या बळावर बसत, आणि महजराचा विषयही बहुधा वतन हाच असे. प्रति सरकारचे पंच वतनानें बसत नसत. लोकांचा विश्वास व चळवळींतील काम हीच त्यांची सनद. शिवाय गोतसभेच्या पाठीशीं राजमुद्रा होती, हे पंच राजमुद्रेच्या विरुद्ध बसले होते. म्हणून प्रति सरकार हें गोतसभेचें पुनरुज्जीवन नव्हे. जुन्या वाड्याचे दगड घेऊन बांधलेलें तें नवें घर होतें.

या घराचे दोषही नमूद केले पाहिजेत, नाहींतर आमचा लेख पोवाडा होईल. ज्या न्यायासनावर अपील नाहीं व जें गुप्तपणें बसतें, तेथें वैयक्तिक वैर न्यायाचा वेष घेऊन येण्याचा धोका सदैव असतो. खबऱ्या म्हणून ज्यावर आळ आला त्याची सुटका सोपी नव्हती. प्रति सरकारच्या नांवाखालीं दरोडे घालणारे तोतयेही निघाले, व त्यांचा बंदोबस्त करण्यांत चळवळीची बरीच शक्ति खर्च झाली. तळपायांवर काठीचे फटके मारण्याची शिक्षा दिली जाई, हें चळवळींतील लोकांनींही कधीं नाकारलेलें नाहीं.

‘पत्री’ या नांवाविषयीं

याच शिक्षेशीं एका नांवाचा वाद निगडित आहे. सर्वसामान्य जन प्रति सरकारला ‘पत्री सरकार’ म्हणत. बैलाच्या खुरास जशी पत्री ठोकतात तशी हे लोक माणसाच्या पायास ठोकतात, म्हणून पत्री, अशी उपपत्ति विरोधकांनीं पसरविली व ती इतकी रुजली कीं, ती आजही ऐकूं येते. आम्हांस ही उपपत्ति मागाहून जुळविलेली वाटते. ‘प्रति’ हा संस्कृत उपसर्ग कुणब्याच्या बोलण्यांतला नव्हे. आरंभींचें जोडाक्षर ग्रामीण उच्चारांत टिकत नाहीं. त्यांतील रकार पुढें सरकला कीं ‘पत्री’ हें रूप सहज होतें. त्यास वर्णविपर्यय म्हणावें. शब्द असा सिद्ध झाल्यावर लोकांनीं त्यास ओळखीचा अर्थ चिकटविला, आणि तळपायांवरील फटक्यांनीं त्या अर्थास आधार पुरविला. स्थलनामांच्या व्युत्पत्तींत असे प्रकार आम्ही नित्य पाहतों. मात्र एवढें खरें कीं, या नांवाचा दरारा चळवळीस उपयोगी पडला, आणि तिच्या लोकांनींही तें नांव पुसून टाकण्याचा फारसा आग्रह धरला नाहीं.

ठाण्याचा शेवट व पक्षाचा आरंभ

१९४४ सालीं सुटकेनंतर गांधीजींनीं भूमिगतांस उघडपणें पुढें येण्याचा सल्ला दिला. सातारकडील बहुतेकांनीं तो मानला नाहीं. १९४५ च्या फेब्रुवारींत वाळव्याच्या गटांतील किसन अहीर हे पोलिसांशीं झालेल्या चकमकींत पडले. अखेर १९४६ सालीं मुंबईंत बाळासाहेब खेरांचें मंत्रिमंडळ आलें, पकडवॉरंटें उठलीं, व नाना पाटील प्रकट झाले. ज्या सरकारास प्रतिस्पर्धी व्हावयाचें तेंच उरलें नाहीं, म्हणून प्रति सरकारही उरलें नाहीं.

यानंतरचीं दोन वर्षें सुखाचीं नव्हतीं. गांधीवधानंतर १९४८ सालीं याच मुलखांत ब्राह्मणांचीं घरें जाळलीं गेलीं. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यासही आग लागली. ज्या कारखान्यांतील अभियंता साडेपांच वर्षांपूर्वीं इस्लामपुरास लोकांबरोबर गोळी खाऊन मेला, तोच कारखाना लोकांनीं पेटवावा, यांतील दुःख शब्दांत सांगण्यासारखें नाहीं. आमच्या विषयाच्या दृष्टीनें आणखी एक हानि झाली. घरांबरोबर माळ्यावरचीं दप्तरें जळालीं. पिढ्यान् पिढ्या जपलेले रुमाल एका रात्रींत राख झाले. हे कृत्य अमुक संघटनेचें असें आम्ही म्हणत नाहीं; परंतु सावकारशाहीविरुद्धचा राग व जातीचा द्वेष यांमधील रेघ किती पुसट असते, हें त्या रात्रींनीं दाखविलें, आणि या प्रांताच्या जहाल राजकारणाचा इतिहास लिहिणारानें तें पान फाडून टाकूं नये.

स्वातंत्र्यानंतर ठाण्याचीं माणसें तीन वाटांनीं गेलीं. यशवंतराव चव्हाण, वसंतराव पाटील व किसन वीर काँग्रेसमध्यें राहिले. त्यांतील पहिले दोघे पुढें राज्याचे मुख्यमंत्री झाले. केशवराव जेधे व शंकरराव मोरे यांनीं १९४७ च्या सुमारास उभारलेल्या गटांतून शेतकरी कामगार पक्ष निघाला. १९५० च्या दाभाडी येथील ठरावानें त्यानें मार्क्सवादाचा मार्ग पतकरला. कुंडलचे लाड व वाळव्याचे नायकवडी या पक्षांत गेले. नाना पाटील प्रथम याच पक्षांत होते, मागाहून कम्युनिस्ट पक्षांत गेले. १९५७ सालीं साताऱ्याहून व १९६७ सालीं बीडहून ते लोकसभेवर निवडून आले. ते ६ डिसेंबर १९७६ रोजीं वारले.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. मार्क्सवादी पक्षाची शाखा कुंडलास ग्रंथ वाचून स्थापन झाली नाहीं. पक्षाचें नांव येण्यापूर्वींच तेथें त्याचें शरीर तयार होतें. सत्यशोधकांनीं पुरोहिताचें व सावकाराचें भय घालविलें, औंधच्या घटनेनें पंचायत दाखविली, बेचाळीसनें सरकारचें भय घालविलें, आणि तुफान सेनेनें शिस्त दिली. म्हणून निवडणुकींत पक्ष वाढला वा क्षीण झाला, तरी ठाण्याचें काम निराळ्या रूपांत चालूच राहिलें. नागनाथ नायकवडींनीं वाळव्यास किसन अहीर यांच्या नांवानें साखर कारखाना उभारला, कुंडलासही जी. डी. बापूंच्या प्रेरणेनें क्रांति कारखाना झाला. १९९३ पासून आटपाडी येथें ज्या पाणी परिषदा भरूं लागल्या, त्यांत हेच दोघे वृद्ध दुष्काळी तालुक्यांस समान पाणी मागत होते. आटपाडी हेंही जुन्या औंध संस्थानांतील गांव. बांधाचा तंटा सोडविणारे पंच अखेर नदीच्या वांटणीचा तंटा घेऊन बसले, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

संग्राहकांस विनंति

जी. डी. बापू २०११ सालीं, हौसाबाई पाटील २०२१ सालीं, व कॅप्टन भाऊ २०२२ सालीं निवर्तले. प्रत्यक्ष पाहिलेल्यांची पिढी सरली, आणि आतां भिस्त कागदांवर आहे. हे कागद तीन प्रकारचे. सरकारी कागदांत चळवळ म्हणजे गुन्ह्यांची यादी आहे. त्यावर सर्वस्वी विसंबणें म्हणजे बखर सोडून केवळ शत्रूच्या अखबारावर इतिहास लिहिणें. चळवळींतील लोकांच्या आठवणी उत्तरकालीन आहेत, व बखरीस जे गुणदोष असतात तेच त्यांस आहेत. तिसरा प्रकार गांवांतला: पत्रकें, चिठ्ठ्या, पोवाड्यांच्या वह्या, तडजोडीचे कागद, जप्तीच्या नोटिसा, गांधी लग्नांच्या निमंत्रणपत्रिका. हा सर्वांत मोलाचा, आणि हाच सर्वांत लौकर नष्ट होणारा. युद्धकाळांतला कागद निकृष्ट; तो पुण्याच्या जुन्नरी कागदासारखा दोनशें वर्षें टिकणार नाहीं.

शिवकालीन महजर शोधण्यासाठीं जे सज्जन कृष्णाकांठच्या वाड्यांतून हिंडतात, त्यांस आमची एवढीच विनंति आहे. त्याच वाड्याच्या माळ्यावर, त्याच रुमालाखालीं, अशी एखादी पिवळी चिठ्ठी निघाली, तर ती झटकून टाकूं नये. कोठें मिळाली, कोणाच्या घरीं मिळाली, तिजवर कोणाच्या सह्या वा अंगठे आहेत, याची टिपणी करून ती महजराशेजारींच ठेवावी. दोन्हींत एकच गांव बोलत आहे. पहिल्यांत तें आपल्या वतनाचा निवाडा मागतें, दुसऱ्यांत आपल्या स्वराज्याचा. दुसरा कागद हरवला, तर पहिल्याचाही अर्थ अपुरा राहील.